सासऱ्यांसाठी जिताडा

माझ्या सासऱ्यांनी एकवीस वर्षांत माझ्या घरी ताटातला एक घास खाल्ला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी मासेमारीचा रॉड हातात का धरला ते कळेल. आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीत याबद्दल बरंच काही बोललं जातं. कुणी म्हणतं, डॉक्टरांनी टेन्शन कमी करायला सांगितलं. कुणी म्हणतं, बायकोशी पटत नाही म्हणून बाहेर पडायला निमित्त शोधलं. दोन्ही खोटं. टेन्शन रॉडमुळे वाढलं, आणि बायकोशी माझं रॉड घरात येईपर्यंत उत्तम चाललं होतं.

मी लिफ्ट दुरुस्तीच्या कामात आहे. लिफ्ट अडकली की आतली माणसं पाच मिनिटांनी ओरडायला लागतात. बाहेर उभा असलेला मी तिसऱ्याच मिनिटाला सुरू होतो. अशा माणसाने पाण्याकडे बघत गप्प उभं राहावं, हे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं. मलाही नव्हतं.

आम्ही बौद्ध, मूळचे नगरकडचे. माझं लहानपण ठाण्यात वर्तकनगरला गेलं. बायको आगरी, तिचं माहेर डोंबिवली पश्चिमेला, खाडीला अगदी लागून असलेल्या जुन्या गावात. कॉलेजात ओळख झाली, नोकरी लागल्यावर रजिस्टर लग्न केलं. थोडी आदळआपट झाली, फार नाही. सासूबाई होत्या तोवर वर्षातून चार वेळा यायच्या, माझ्या आईच्या हातचं पोटभर जेवायच्या आणि वर लोणचं बांधून न्यायच्या. मेहुणा तर मटणाच्या तिसऱ्या वाटीला "आता बस" म्हणतो आणि चौथी घेतो. प्रश्न फक्त सासऱ्यांचा होता.

लग्नानंतर महिन्याभराने ते पहिल्यांदा आमच्या वर्तकनगरच्या घरी आले, सोबत त्यांचे मोठे भाऊ. आई पहाटेपासून स्वयंपाकाला लागली होती. हातपाय धुऊन झाले, ताटं वाढून समोर आली. मोठे भाऊ ताटाकडे न बघता म्हणाले, "आमी जेवून आयलोत." सासऱ्यांनी भावाकडे पाहिलं आणि तेही म्हणाले, "हां, जेवून आयलोत." सकाळचे अकरा वाजले होते.  आईने दोन्ही ताटं उचलली आणि आत नेली. मी मागोमाग गेलो तर ती ताटातला भात परत पातेल्यात घालत होती. "अशी माणसं मी लहानपणी गावाला पुष्कळ पाहिलीत," एवढंच म्हणाली. मला बाहेर जाऊन दोघांना हाताला धरून जिना उतरवून द्यावासा वाटला होता, पण बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिचं तोंड बघवत नव्हतं.

पुढच्या खेपेला सासरे एकटे आले, मुलीला बघायला. आईने त्यांच्यासमोर एका डिशमध्ये चार केळी आणि पाण्याची सीलबंद बाटली ठेवली. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "केळ्याला साल असते, आत कुणाचा हात लागत नाही. बाटलीचं झाकण त्यांनीच उघडायचं. माणसाला कोंडीत पकडू नये." सासऱ्यांनी मुकाट्याने दोन केळी खाल्ली, पाणी प्यायले आणि गेले. मग तोच रिवाज पडला. आम्ही वर्तकनगर सोडून ठाकुर्लीला फ्लॅट घेतला, आमच्या मुलीचं बारसं झालं, दहावी झाली, माझे वडील गेले. प्रत्येक वेळी सासरे आले आणि प्रत्येक वेळी केळी आली. भाजीवाला मला लांबून बघूनच विचारायचा, "सासरे येणार वाटतं?"

गेल्या गणपतीत मी त्यांच्या घरी ओटीवर बसलो होतो. सासरे आता चौऱ्याहत्तरचे. त्यांनी उभा जन्म खाडीत पाग टाकली. पाग म्हणजे हाताने भिरकावून फेकायचं गोल जाळं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते जाळं खुंटीला गेलं, आणि तेव्हापासून त्यांचा बाजारातल्या माशांवर राग आहे. चारपाच जणांसमोर ते म्हणाले, "बाजारचा बरफाचा मावरा मी तोंडान नाय घालत. आपले खारीचा ताजा जिताडा जो मना आनून दील, त्याचे घरान बसून जेवीन."

माझे कान उभे राहिले. घरी येताना रिक्षात मी बायकोला म्हणालो, "ऐकलंस ना? जो आणून देईल त्याच्या घरी."

"ते तुला नाही म्हणाले."

"'जो' म्हणाले. 'जो'मध्ये मी येतो."

"तुला साधं चिंबोरं धरता येत नाही. गेल्या वेळी बादलीतलं धरायला गेलास आणि पलंगावर चढून बसलास."

खेकड्याचं हे खरं होतं, पण मुद्द्याला सोडून होतं. त्या रात्री मी मोबाइलवर जिताडा, म्हणजे खाडीतला तो शिकारी मासा, कसा धरतात ते बघायला बसलो आणि मला टॉपवॉटर फिशिंग नावाची गोष्ट सापडली. यात आमिष बुडत नाही, पाण्यावरच राहतं. पॉपर नावाचा एक प्लास्टिकचा मासा असतो, पुढून कपासारखा खोलगट. दोरी झटकली की तो पाण्यावर 'पोप' असा आवाज करतो. खालच्या मोठ्या माशाला वाटतं, वर कुणीतरी छोटा जीव घाबरून पळतोय, आणि तो खालून उसळी मारून झडप घालतो. व्हिडिओतला माणूस चार झटक्यांत मासा काढत होता. मला हे माझ्या स्वभावाला जमेल असं वाटलं, कारण यात निदान काहीतरी सारखं करत राहायचं होतं.

आठवड्यात रॉड आला, रीळ आलं, लाल डोक्याचा पॉपर आला. दोन महिने मी दर रविवारी सोसायटीच्या गच्चीवर सराव केला. वीस पावलांवर बादली ठेवायची आणि तिच्यात पॉपर टाकायचा. बादलीत तो एकदाच पडला. एरवी मी दोन चादरी, एक शाळेचा पिनाफोर आणि सेक्रेटरींचा वाळत घातलेला टॉवेल पकडला. टॉवेल तर अप्रतिम लागला होता. गळ सोडवायला अर्धा तास गेला. पुढच्या मीटिंगमध्ये गच्चीच्या वापराबद्दल एक नवीन नियम झाला, त्यात माझं नाव नव्हतं, पण सगळे माझ्याकडेच बघत होते.

मग मी सासऱ्यांना फोन केला. म्हटलं, जागा दाखवाल का?  ते म्हणाले, "दाखवतो. पन एक आयका. घरशी निघताना कोनी 'कुठं' इचारला तं मागारी फिराचा. पानी पियाचा, जरा बसाचा, मंग निघाचा. नायतं मावरा नाय मिलत." मी म्हटलं, बाबा, मी असलं काही मानत नाही. ते म्हणाले, "तुमी नका मानू. मावरा मानतो."

शनिवारी दुपारी चारला मी निघालो. ठाकुर्लीच्या सोसायटीतून दोन मीटर लांबीची काठी घेऊन निघालेल्या माणसाला कुणी 'कुठे' विचारणार नाही, ही अपेक्षाच चुकीची. दार उघडलं तर समोरच्या वहिनी: "अय्या, कुठे?" मी आत आलो, पाणी प्यायलो, बसलो. आई सोफ्यावरून बघत होती. पाच मिनिटांनी पुन्हा निघालो. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका: "काय, कुठे स्वारी?" पुन्हा वर. पुन्हा पाणी. मी मनाशी म्हणत होतो की हा शुद्ध मूर्खपणा आहे, आणि ग्लास रिकामा करत होतो. तिसऱ्या वेळी जिन्याने गेलो, तर वॉचमनने गेटवर सलाम ठोकून विचारलं, "साब, कहाँ?" हिंदीतला प्रश्न धरायचा की नाही यावर मी तिथेच उभा राहून विचार केला. शेवटी परत वर गेलो. आई म्हणाली, "तुला बरं नाही का रे? तिसरा ग्लास आहे." चौथ्या खेपेला मी सगळ्यांना लांबूनच ओरडून सांगत सुटलो, "काही विचारू नका! काही विचारू नका!" त्यामुळे सोसायटीत कुणीतरी गेलं अशी बातमी पसरली, आणि मी सुखरूप बाहेर पडलो.

सासरे गावाच्या टोकाला वाट बघत उभे होते. अंगात बनियन, खाली हाफ पँट, डोक्याला टॉवेल. माझे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट बघून त्यांनी फक्त "हं" केलं. गावाच्या मागे नव्या टॉवरांची रांग आहे, ती संपली की खाजण सुरू होतं. भरतीला पाण्याखाली जाणारी खारट जमीन, तिवरांची झाडी आणि मधून गेलेला मातीचा बांध. बांधात एके ठिकाणी उघाडी आहे, म्हणजे आतलं पाणी खाडीत सोडायची मोरी. सासऱ्यांनी तिथे मला थांबवलं. पाणी उतरायला लागलं की आतले बारके मासे उघाडीतून बाहेर वाहत येतात, आणि जिताडा तोंडाशी तोंड उघडून बसलेला असतो, असं त्यांनी सांगितलं. चिखलावर निवटे नावाचे बारके मासे उड्या मारत होते. त्यांच्या वर आलेल्या डोळ्यांकडे बघून मला उगाच आपली परीक्षा चालू असल्यासारखं वाटलं.

मी बॅगेतून पॉपर काढला. सासऱ्यांनी तो तळहातावर घेतला, उलटा केला, वासही घेऊन बघितला.

"ह्यो पलास्टिकचा खाऊन जिताडा काय करनार?"

"बाबा, तो खात नाही. फसतो."

"हां," ते म्हणाले. "जिताडा तुमचेपेक्षा शाना हाय."

पहिल्यांदा पॉपर तिवरात गेला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तो सोडवायला मला बुटांसकट चिखलात उतरावं लागलं, आणि मी बाहेर आलो तेव्हा एक बूट आतच राहिला होता. सासरे अनवाणी, त्या दुखऱ्या गुडघ्याने, हळूहळू चिखलात उतरले आणि बूट काढून घेऊन आले. त्यात एक बारकं खेकडं होतं. मी काही पलंगावर चढलो नाही, कारण तिथे पलंग नव्हता.

मग पॉपर नीट पाण्यात पडायला लागला. मी झटके देऊ लागलो. पोप, पोप, पोप, पोप. व्हिडिओतला माणूस जितक्या वेळात चार मासे काढतो, तितक्या वेळात माझा फक्त हात दुखायला लागला. ऊन उतरलं, टॉवरांच्या काचा लाल झाल्या, बगळे तिवरांवर येऊन बसायला लागले. सासरे बांधावर उकिडवे बसून माझ्याकडे बघत होते.

"जावय, तुमी पान्याशी भांडताव का काय?"

"मग काय करू?"

"गप रावाचा. घाबरलेला मासा पलतो, मंग थांबतो, मंग बगतो. तुमचा नुसता बोंबलतो."

मी काही ऐकलं नाही. आणि तेवढ्यात उघाडीच्या तोंडाशी पाणी फुटलं. खालून काहीतरी रुंद, चकचकीत वर आलं, पॉपरच्या जागी खड्डा पडला आणि आवाज असा झाला की बगळे उडाले. मी अंगातलं सगळं बळ लावून रॉड मागे खेचला. माशाने अजून पॉपर तोंडात घेतलाच नव्हता. पॉपर पाण्यातून सुटला, माझ्या कानावरून सणसणत गेला आणि मागे सासऱ्यांच्या डोक्यावरच्या टॉवेलात घट्ट अडकला.

टॉवेल! जगात मला टॉवेलाशिवाय काही पकडताच येत नाही. मी हात जोडून सॉरी सॉरी म्हणत त्यांच्याकडे धावलो. सासरे हलले नाहीत. टॉवेल डोक्यावरून उतरवून, मांडीवर घेऊन गळ सोडवायला लागले. आणि मान खाली घालूनच म्हणाले, "गेला ना जिताडा? आता तुमचे घरी गेलू तं पुना केली."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"तुमचे घरान केल्यांशिवाय दुसरा काय नसतंच का? एकीस वरसां केली खातंय मी. मना केली आवडत नाय. पोट फुगतं."

मी बांधावर खाली बसलो. हसू यावं की संताप यावा, हे ठरेना. शेवटी संताप आला. "बाबा, तुम्हीच पहिल्या दिवशी ताट नाकारलंत. आई बिचारी तुमची अडचण होऊ नये म्हणून केळी ठेवते."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "तवा मोठा भाव बाजूला व्हता. त्याचे तोंडाकरं बगला न मी पन बोललू, जेवून आयलू. खोटा बोललू. पोटान आग परलेली. तुमचे आयशीन ताट उचलला, तवाच 'ठेवा' बोलाला पायजे व्हता. नाय बोललू. दुसरे टायमाला एकटा आयलू, बोललू आज जेवीन. तं ताटच नाय आयला. केली आयली."

"मग मागायचं ना!"

"ज्या ताटाला नाय बोललू, तां मागाचा कनचे तोंडान?"

"आणि माझ्या आईला काय वाटलं असेल, याचा कधी विचार केलात?"

"केला," ते म्हणाले. "म्हनून तं गप केली खाल्ली."

 एकवीस वर्षं मी या माणसावर दात धरून होतो, आणि त्यात माझी काही चूक होती असं मला अजूनही वाटत नाही. आईला ताटातला भात परत पातेल्यात घालताना मी पाहिलं होतं. पण हेही खरं की पहिल्या दिवसानंतर आम्ही कुणी त्यांना एकदाही 'जेवता का' म्हणून विचारलं नव्हतं. आम्ही समजूतदार होतो. आमच्या समजूतदारपणाने त्यांचं पोट एकवीस वर्षं फुगवलं. पुढे एकदा मी आईला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "फुगत होतं ना? मग बरं." म्हणजे तिची केळीसुद्धा वाटत होती तेवढी बिचारी नव्हती.

गळ सुटला होता. सासऱ्यांनी पॉपर मला दिला नाही. उठले, माझ्या हातातून रॉड घेतला, वजन बघितलं आणि एकदाच, मनगटाने, पाग टाकल्यासारखा कमरेतून वळून फेकला. पॉपर उघाडीच्या तोंडापासून हातभर अंतरावर अलगद पडला. त्यांनी काहीच केलं नाही. पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत थांबले. मी तोंड उघडलं तसं डावा हात वर करून मला गप्प केलं. मग एकदाच, बारीक: पोप. पुन्हा थांबले. मला राहवेना, मी मनातल्या मनात तीन लिफ्ट दुरुस्त केल्या. पुन्हा एकदा, आणखी बारीक: पोप.

पाणी फुटलं. सासरे तरीही हलले नाहीत. "खाऊ दे त्याला," असं स्वतःशीच पुटपुटले, आणि दोरी ताणली गेल्यावरच रॉड उचलला. रॉड वाकला. रीळ कसं फिरवायचं हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते रॉड धरून बांधावरून मागे मागे चालत गेले, आणि मासा चिखलावरून घसरत त्यांच्या मागे आला. मी उडी मारून त्याच्यावर अंग टाकलं. दोन वीत लांबीचा जिताडा होता. मघाशी हुकलेल्याचा नातू असावा. पण जिताडा होता, त्या खाडीचा होता, ताजा होता.

मी चिखलात पडल्या पडल्या म्हणालो, "चला. आज घरी जेवायचं."

सासऱ्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा आनंद उतरला. "तुमचे आयशीला फोन करा पयला," ते म्हणाले. मी म्हटलं, नाही करणार. ती केळी मागवून ठेवेल.

रिक्षावाल्याने आम्हा दोघांचा चिखल बघून सीटवर वर्तमानपत्र अंथरलं. सासरे मासा पिशवीत धरून अंग चोरून बसले होते आणि वाटेत दोनदा म्हणाले, "आज नको, उद्या येतो." मला त्यांची दया आली. खाडीत उभा जन्म काढलेला हा माणूस माझ्या चौथ्या मजल्यावरच्या घरी यायला घाबरत होता.

दार बायकोने उघडलं. बाप, नवरा, चिखल आणि मासा एवढं सगळं एका नजरेत बघितलं, आणि काही न विचारता पिशवी हातातून घेतली. आम्ही हातपाय धुऊन बाहेर आलो. आई सोफ्यावर मालिका बघत होती. "या, इवाई," ती व्याह्यांना म्हणाली, आणि सवयीने आत बघत, "अगं, केळी आण गं."

"केली नको," सासरे म्हणाले. उभेच होते. "ईनबाय, आज जेवनार मी."

आईने टीव्ही बंद केला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, पण नजर शिक्षिकेची आहे, जरी ती कधी शाळेत शिकवायला गेली नाही. तिने दाराकडे बघितलं. "बरोबर कुणी आलंय?"

"कोन नाय."

"भाऊ आले असते, तर?"

सासऱ्यांनी घाईने उत्तर दिलं नाही, हे मला आवडलं. टॉवेलने तोंड पुसलं. "आता भाव असता तरी जेवलू असतू," ते म्हणाले. "तवा नाय जेवलू. तां चुकला माझा."

 आई म्हणाली, "भात कमी आहे. भाकऱ्या टाकते. बसा."

बायकोने माहेरच्या पद्धतीने लसूण, लाल तिखट आणि चिंच घालून कालवण केलं. आईने भाकऱ्या थापल्या. एरवी आई सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवते, कितीही सांगा ऐकत नाही. त्या दिवशी तिने स्वतःचं ताट घेतलं आणि सासऱ्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. मी आणि बायको एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

आगऱ्यांकडे माशाचं डोकं घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला वाढतात. सासऱ्यांनी पातेलं जवळ ओढलं, डावाने डोकं काढलं आणि आईच्या ताटात ठेवलं. "तुमचा मान," म्हणाले. आईला डोकं कसं खायचं ते माहीत नव्हतं. आमच्या नगरकडे कुठला आलाय जिताडा! पण मान दिलाय म्हणून तिने ते उचललं, एका बाजूने चावलं, चोखलं, थोडं तोंड वाकडं केलं.

"नाही हो जमत मला. कवळी निघून येईल," असं म्हणत तिने ते सहज सासऱ्यांच्या ताटाकडे नेलं, आणि मध्येच तिचा हात थांबला. तिच्या लक्षात आलं होतं. आमच्या सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं. डोकं तिचं उष्टं होतं.

तो हात तसाच हवेत राहिला. मला वाटलं, आता ती तो मागे घेणार, आणि तसं झालं असतं तर मला ते जन्मभर सहन झालं नसतं. सासऱ्यांनी ताट पुढे केलं नाही. त्यांनी सरळ हात पुढे केला, आईच्या बोटांतून ते डोकं घेतलं, आणि जिथे तिने चावलं होतं तिथूनच तोंडाला लावलं. मग डोळे मिटून ते असं चोखायला लागले की शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू गेलं असेल. बायको उठून बेसिनकडे गेली आणि नळ सोडून उभी राहिली. माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मी तिखटावर ढकललं.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने भाकरीची टोपली उचलली आणि विचारलं, "अर्धी देऊ?"

सासरे तोंडातलं न काढता म्हणाले, "आर्धी कशाला? आख्खी द्या."